सोनं किती, घडणावळ किती

जळगावच्या सराफ बाजारात लेकीसाठी पोत घ्यायला आलेलं घर तीन गोष्टी विचारल्याशिवाय गादीवरून उठत नाही. सोनं किती, घडणावळ किती आणि उद्या गरज पडून मोडीत आणलं तर हातात काय पडेल? ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. २०२१च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून खान्देशातल्या बायका दागिन्याचं वजन आणि त्याची मजुरी वेगवेगळी मोजत आल्या आहेत. तेच घर आखाजीला किंवा दिवाळीत टीव्हीच्या दुकानात जातं तेव्हा एकच प्रश्न ऐकू येतो: किती इंची? त्यानंतर भाव, मग हप्ता. पंधरा हजारांचा घ्यावा की साठ हजारांचा, हा निर्णय भिंतीवर ओळीनं लावलेल्या लखलखीत पडद्यांकडे बघून होतो. स्वस्त टीव्ही चांगला की महाग, या वादात मी कोणाच्याच बाजूनं उभा राहणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सोन्याचे तिन्ही प्रश्न टीव्हीलाही लागू पडतात, ते विचारले की उत्तर बरंचसं आपोआप मिळतं, आणि जळगाव-धुळ्यात ते उत्तर मुंबई-पुण्यातल्या उत्तरापेक्षा वेगळं निघतं.

टीव्हीतलं सोनं म्हणजे त्याचा पडदा, पडद्यामागचे दिवे आणि त्यांना वीज पुरवणारं सर्किट. नीट वापरलं तर हे आठ-दहा वर्षं टिकायला हरकत नाही. घडणावळ म्हणजे बाकीचं सगळं: आतला छोटा संगणक, त्यावरची अ‍ॅप्स, खोक्यावरची रंगीत लेबलं, बारीक कडा आणि ब्रँडचं नाव. राहिली मोड. दहा वर्षांच्या टीव्हीला भंगारवाला शेकड्यांत पैसे देतो, म्हणजे सोन्याच्या अर्थानं टीव्हीला मोड नाहीच. टीव्हीची मोड म्हणजे त्याची दुरुस्ती. बंद पडलेला संच दोन हजारांत पुन्हा चालू होत असेल तर त्याला मोड आहे, नसेल तर घातलेले सगळे पैसे घडणावळीतच गेले.

आधी पडदा पाहू. ‘फोर-के’ हा शब्द आता बत्तीस इंचांच्या वरच्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक फरक सहसा ओळखता येत नाही. या हिशेबानं ४३ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे ठिपके साडेपाच-सहा फुटांपलीकडून दिसेनासे होतात, ५५ इंचीवर सुमारे सात फुटांपलीकडून. दहा बाय बाराच्या खोलीत समोरच्या भिंतीला टेकून किंवा खाटेवर बसणारं माणूस आठ फुटांवर असतं. म्हणजे त्या खोलीत ४३ इंचीवर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. शिवाय पडद्यावर येतं काय, हेही पाहायला हवं. चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या गावांत घरावर दिसते ती बहुतेक फ्री डिशची छत्री. महिन्याचं भाडं नाही, म्हणून २००४मध्ये दूरदर्शननं सुरू केलेली ही सेवा इथं रुजली. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या अजून जुन्या, ५७६ रेषांच्या दर्जाच्या आहेत. अहिराणी गाणी आणि मालेगावच्या छोटूदादाच्या विनोदी फिती यूट्यूबवर आवडीनं पाहिल्या जातात, पण त्यातल्या बऱ्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, नेटच्या जोरानुसार दर्जा खालीवर होत. खरं फोर-के पाहायचं तर नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग लागतो आणि त्यांचा सर्वांत वरचा प्लॅनही. हे दोन्ही असणारी घरं जळगाव शहरात आहेत, धुळ्यातही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे बोलू. बाकीच्यांनी फोर-केसाठी वेगळा रुपया मोजू नये.

महाग टीव्हीत खरं सोनं असतं, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ते असतं उजेडात आणि काळ्या रंगात. आपल्याकडे दुपारी दार उघडं असतं, ओट्यावरचं ऊन थेट खोलीत येतं, आणि साधारण अडीचशे-तीनशे निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) स्वस्त पडदा त्या उजेडापुढे फिका पडतो. खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की तसा सिग्नल आला तर टीव्ही तो स्वीकारतो. तो दाखवायला लागणारा उजेड पडद्यात असेलच असं नाही. सहाशे-हजार निट्सचा आणि मागचे दिवे भागाभागानं मंद करू शकणारा मिनी-एलईडी पडदा दिवसा खरोखर उठून दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून रात्रीच्या दृश्यातला काळोख त्यात काळोखच दिसतो. पण ओएलईडी घेणाऱ्या इथल्या घरानं एक गोष्ट विचारात घ्यावी. आपल्याकडे दिवसभर मराठी वृत्तवाहिनी लावून ठेवण्याची सवय आहे, आणि तिच्या खालच्या लाल पट्ट्या, कोपऱ्यातलं चिन्ह तासन्‌तास एकाच जागी असतात. अशा स्थिर आकृत्यांचा ठसा ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो. कंपन्यांनी यावर उपाय केले आहेत, धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, तरी रोज आठ तास एकच वाहिनी पाहणाऱ्या घरासाठी हा पडदा नाही. ज्यांच्याकडे पडदे ओढून अंधार करता येणारी खोली आहे, फायबरचं नेट आहे आणि सिनेमा-क्रिकेटची खरी ओढ आहे, त्यांनी लाखभर रुपये खर्च करावेत. त्यांच्या बाबतीत ते पैसे सोन्यातच जातात.

आता टीव्हीची पाठ. दुकानात ती भिंतीकडे असते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. खान्देशात मात्र संच किती वर्षं चालणार, हे पाठीवरच ठरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते. पत्र्याच्या घरात छताजवळ, भिंतीला चिकटवून टांगलेल्या टीव्हीच्या डब्यात बाहेरच्या हवेपेक्षा आणखी पंधरा-वीस अंश सहज चढतात. वीज पुरवणाऱ्या सर्किटमधले कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं आयुष्य गमावतात, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणजे एकच संच थंड हवेच्या गावात जितकी वर्षं चालेल तितकी तो रावेरच्या पत्र्याखाली चालणार नाही. महाग संचाचंही तेच. धाब्याच्या जुन्या घरात, मातीच्या छताखाली, तोच टीव्ही जास्त सुखात राहतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी उष्णतेच्या हिशेबानं अगदी सरळ आहे.

सगळ्यात आधी जातात ते पडद्यामागचे दिवे. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याचा पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्यामागे पातळ पट्ट्यांवर ओळीनं बसवलेले बारीक एलईडी असतात, प्रत्येकावर भिंगासारखी छोटी टोपी. बत्तीस इंचीत अशा पट्ट्या बहुधा दोन किंवा तीन. स्वस्त संचात दिव्यांची संख्या कमी ठेवून प्रत्येकातून जास्त प्रवाह सोडतात, म्हणजे तेवढाच उजेड कमी खर्चात मिळतो. उन्हाळ्यात त्यातला एक उडतो, आणि एका पट्टीतले दिवे माळेसारखे जोडलेले असल्यामुळे अख्खी माळ विझते. घरातलं माणूस म्हणतं, आवाज येतो, चित्र नाही. मेकॅनिक येतो, खोलीत अंधार करतो आणि काळ्या पडद्यावर अगदी जवळून, तिरका टॉर्च मारतो. त्या उजेडाच्या वर्तुळात चित्र हलताना दिसतं: निवेदिकेचा चेहरा, खालची पट्टी, सगळं जागच्या जागी, फक्त अंधारात. म्हणजे पडदा शाबूत आहे, सोनं गेलेलं नाही. मग तो पडद्याची काच दोन्ही हातांनी अलगद उचलतो, कडेच्या पातळ फिती तुटू नयेत म्हणून श्वास रोखून, आणि पट्ट्या बदलतो. हजार-दोन हजारांचं काम. तीच काच उचलताना तडकली तर खेळ संपला, कारण टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत एकट्या पॅनेलची असते. पंचावन्न इंची, कडा नसलेल्या, चिकटपट्टीनं बंद केलेल्या संचात हे काम एकट्याच्या आवाक्यातलं नाही. त्याला दोन माणसं आणि मोठं, स्वच्छ टेबल लागतं. पैसे जास्त मोजून आपण कित्येकदा दुरुस्तीला जास्त अवघड संच घेतो, ही बाब दुकानात कोणी सांगत नाही.

विजेचंही तसंच. आजचे संच कमी दाब बरा सोसतात, बहुतेकांना शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट चालतात. म्हणून केळीच्या पट्ट्यात पंप सुरू झाल्यावर दिवे मंद झाले तरी टीव्ही चालू राहतो. मारक ठरतो तो वरचा झटका. गेलेली लाइट परत येतानाचा, वळवाच्या वादळातल्या विजेचा, आणि सर्वांत वाईट म्हणजे रोहित्रापासूनचा न्यूट्रल तुटल्याचा. तेव्हा घरात दोनशे तीसऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि त्या क्षणी संच कितीचा होता याला काही अर्थ उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तिशीच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २५ हजार असेल तर वाचले अडीच हजार. दुकानं हे अडीच हजार पुढच्या इंचांत घालायला सांगतात. इथल्या घरानं ते जास्त दाब आला की पुरवठा तोडणाऱ्या चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये आणि नीट केलेल्या अर्थिंगमध्ये घालावेत.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतो. बारा हजारांचा बत्तीस इंची टीव्ही साडेतीन वर्षांत बंद पडून भंगारात गेला तर वर्षाला सुमारे ३,४०० रुपये पडले. अठ्ठावीस हजारांचा नऊ वर्षं चालला तर ३,१०० रुपये. ऐंशी हजारांचा दहा वर्षं चालला तरी वर्षाला आठ हजार. इथपर्यंत मधला संच किंचित जिंकतो आणि ‘स्वस्त घेतलं की महागात पडतं’ हे नेहमीचं वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं. पण तोच बारा हजारांचा टीव्ही चौथ्या वर्षी दोन हजारांत दुरुस्त होऊन सात वर्षं चालला, तर वर्षाला फक्त दोन हजार पडतात. सगळ्यांत स्वस्त तोच. भावातला फरक कितीही असो, पारडं फिरवणारी गोष्ट दुरुस्तीच आहे. म्हणून माझ्या मते स्वस्त आणि महाग अशी विभागणीच इथल्या ग्राहकाच्या कामाची नाही. दुरुस्त होणारा आणि न होणारा, ही विभागणी कामाची.

यात ब्रँडचं नाव किती साथ देतं? हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. रंगीत टीव्हीच्या काळात महाराष्ट्रात घराघरांत पोचलेलं ते नाव होतं. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर त्या नावाच्या संचांना गावच्या मेकॅनिकशिवाय कोण उरलं? जे संच साध्या, सगळीकडे मिळणाऱ्या भागांचे होते ते चालत राहिले. दुसरी बाजूही पाहा. कोडॅक आणि थॉमसन ही जुनी परदेशी नावं भारतात टीव्हीवर दिसतात ती परवान्यानं, संच बनवणारी कंपनी भारतीयच आहे. यात गैर काही नाही, ते संच वाईट असतात असंही नाही. पण नाव बघून शंभर वर्षांचा अनुभव विकत घेतल्यासारखं वाटत असेल, तर ती रक्कम घडणावळीच्या खात्यात लिहावी. जगातली बहुतेक एलसीडी पॅनेलं चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून निघतात, आणि एकाच मॉडेल क्रमांकाच्या दोन खोक्यांत वेगवेगळ्या प्रकारची पॅनेलं निघण्याचे प्रकार नामांकित कंपन्यांतही होतात. हॉलमार्कसारखी खूण टीव्हीच्या पडद्याला नाही, ही ग्राहकाची खरी अडचण आहे.

घडणावळीतला सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर विटणारा भाग म्हणजे आतला संगणक. २०१९च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं २०१० आणि २०११च्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर चालणं बंद केलं. घेतले तेव्हा ते संच भारी किमतीचे होते, त्यांचा पडदाही चांगला होता, पण त्यातलं ‘स्मार्ट’पण संपलं. यावर कोणी म्हणेल की आता परिस्थिती बदलली आहे, सॅमसंगनं २०२४च्या मॉडेलांपासून सात वर्षं अद्ययावत करण्याचं आश्वासन दिलं आहे, एलजीनंही काही वर्षांची हमी दिली आहे. आक्षेप योग्य आहे आणि त्या कंपन्यांचं पाऊल स्वागतार्हही आहे. तरी दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकाच डब्यात डकवल्या आहेत, हे त्यानं बदलत नाही. टीव्हीतली अ‍ॅप्स रखडू लागली की तीन-चार हजारांची स्टिक मागच्या खोबणीत लावता येते आणि सगळं नव्यासारखं चालतं. पडदा मात्र असा तीन-चार हजारांत बदलता येत नाही. म्हणून जास्तीचे पैसे द्यायचे तर ते पडद्याला, दिव्यांना, मागच्या सर्किटला द्यावेत.

एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घरानं टॉर्च, कपॅसिटर आणि न्यूट्रलचा विचार करावा, असं सांगणं म्हणजे गरिबाच्या हौसेवर पाणी ओतणं नाही का? लेकीच्या आंदणात टीव्ही द्यायचा तो चार लोकांत उठून दिसावा, यात चूक काय? चूक काहीच नाही. मान ही खरी गरज आहे, आणि ती पैशांत मोजणाऱ्यानं आधी स्वतःच्या घराकडे बघावं. पण आंदणातला टीव्ही तिसऱ्या उन्हाळ्यात काळा पडला तर त्या मानाचं काय होतं? मुलगी सासरी आहे, हप्ते माहेरी चालू आहेत, आणि भिंतीवर बंद डबा. ‘नो कॉस्ट’ म्हणून दिलेल्या हप्त्यांत प्रोसेसिंग फी किंवा हुकलेली सूट या रूपानं व्याज लपलेलं असतं. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं. गरिबाच्या हौसेचा मान राखायचा असेल तर त्याच्या पैशांत जास्तीत जास्त वर्षं भरली पाहिजेत. आणि जे म्हणतात की दर चार वर्षांनी नवा स्वस्त टीव्ही घेणं म्हणजे नवं तंत्र घरात येणं, त्यांना विचारावं की फ्री डिशच्या ५७६ रेषा चार वर्षांत किती वाढल्या?

ग्राहकानं शहाणं व्हावं एवढ्यानं मात्र भागत नाही, कारण दुरुस्ती एकट्याच्या हातात नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१पासून टीव्हीचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यानंतरही किमान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत असा नियम आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात त्याचं संकेतस्थळ सुरू झालं, २०२४च्या सप्टेंबरात ‘दुरुस्ती निर्देशांका’साठी आणखी एक समिती आली. दिशा बरोबर आहे. पण टीव्हीच्या खोक्यावर ‘पट्टी आणि पॉवर बोर्ड अमुक वर्षं मिळेल’ असं छापलेलं अजून दिसत नाही. ताऱ्यांचं लेबल वीज किती खाल्ली ते सांगतं, आयुष्य किती ते सांगत नाही. आयटीआयमध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे, तो शिकलेल्या मुलाला तालुक्याच्या गावी दुकान टाकून जगता यावं इतके भाग त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचा जवळजवळ कुठलाही भाग मिळतो, म्हणून खेड्यातला मुलगाही मोबाइल दुरुस्त करून पोट भरतो. टीव्हीच्या बाबतीत तसं का नसावं?

ते होईपर्यंत दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात सराफाच्या गादीवरचे प्रश्न आहेत. संचाची पाठ फिरवून दाखवायला सांगावं, हवा जायचे झरोके किती आणि कुठे आहेत ते बघावं. पॅनेलची वॉरंटी संचाच्या वॉरंटीत धरली आहे की वेगळी, हे बिलावर लिहून घ्यावं. घरी आणल्यावर टीव्ही बहुधा दुकानासाठी लावलेल्या भडक मोडवर असतो, त्याच्या मागच्या दिव्यांची पातळी शंभरवरून साठ-पासष्टवर आणावी, उन्हाळ्यात दिव्यांना तेवढाच आराम मिळतो. छताजवळ न टांगता हातभर खाली आणि भिंतीपासून चार बोटं सोडून बसवावा. आणि भाव ठरवायच्या आधी विक्रेत्याला विचारावं: या मॉडेलच्या दिव्यांची पट्टी कितीला पडते, आणि चोपड्यात ती बसवून कोण देईल?